बेळगाव–मुंबई विमानाचं अंतर ४०४ किलोमीटर, मग वेळ किती धरायचा?

खानापूरच्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलं आहे. त्यांची लेक दुबईत असते, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं आहे. गुरुजी आणि काकू दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई आणि मुंबईहून रात्री दुबई असा बेत आहे. त्यांनी नेटवर बेळगाव–मुंबई हवाई अंतर शोधलं तर एका ठिकाणी ४०४ आलं, दुसरीकडे २५१, तिसरीकडे २१८. उड्डाणाचा वेळ एका ठिकाणी अर्धा तास दिला आहे, तिकिटावर मात्र सव्वा तास. यातलं खरं कुठलं, आणि मुंबईत दोन विमानांच्या मध्ये दोन तास ठेवले तर पुरतील का, असं त्यांना विचारायचं आहे.

गुरुजी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. दोन तास पुरणार नाहीत. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर किमान पाच तास ठेवा, आणि जाणं जून ते सप्टेंबरमध्ये असेल तर त्याहून जास्त ठेवा. हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. चोवीस वर्षं मी विमान कंपन्यांमध्ये डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, इंधन, वजन आणि हवामान यांचा हिशेब करून तो कागद वैमानिकाच्या हातात द्यायचा, हे डिस्पॅचरचं काम. अंतर आणि वेळ हेच माझं रोजचं खाणं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी तुमचा हिशेब तुम्हालाच मांडता येईल.

आधी ते तीन आकडे. तिन्ही खरे आहेत, कारण तिन्ही एकच अंतर सांगतात. ४०४ हे किलोमीटर, २५१ हे साधे मैल आणि २१८ हे सागरी मैल. विमानाच्या जगात सगळा व्यवहार सागरी मैलात चालतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे माप कुठून आलं ते कळलं की अंतर घरबसल्या कागदावर काढता येतं. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण एक अंश सरकलं की साधारण ६० सागरी मैल होतात, म्हणजे अंशाचा साठावा भाग तो एक मैल. गुरुजी, तुम्ही मुलांना पायथागोरसचा सिद्धांत शिकवला असणार, इथे तोच लागतो.

सांबरा विमानतळ अक्षांश १५.८६, रेखांश ७४.६२ वर आहे. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशातला फरक ३.२३, त्याला ६० ने गुणलं की १९४ सागरी मैल उत्तरेकडे. रेखांशातला फरक १.७५, म्हणजे १०५. पण रेखांश उत्तरेकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात त्याला ०.९५४ ने गुणायचं. मग १०० मैल पश्चिमेकडे उरतात. १९४ चा वर्ग अधिक १०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २१८. किलोमीटर केले की ४०४. आपल्या भागातल्या अंतरांना एवढी रीत पुरते. याच पद्धतीने बंगळूरचं अंतर २४० सागरी मैल, म्हणजे ४४४ किलोमीटरच्या आसपास येतं. हैदराबाद ४३४ च्या आसपास आणि दिल्ली १४३० च्या आसपास.

नकाशावर सांबऱ्यापासून मुंबईपर्यंत दोरा ताणून धरा. तो पन्हाळ्यावरून जातो, कोल्हापूर शहर उजव्या हाताला थोडंसं बाजूला राहतं. पुढे कोयना धरणाजवळून, महाबळेश्वर उजवीकडे ठेवून दोरा घाट उतरतो, रायगड किल्ल्याच्या पश्चिमेने कोकणातून वर जातो आणि मुंबईत शिरतो. पुणे या दोऱ्यापासून खूप पूर्वेला राहतं. आपण रस्त्याने पुण्यावरून जातो, म्हणून रस्त्याचं अंतर पाचशेच्या घरात जातं.

आता अडचण अशी की विमान या दोऱ्यावरून जात नाही. हवेतही रस्ते ठरलेले आहेत, त्यांना वळणं आहेत. पुण्याचा लोहगाव हवाईदलाचा तळ, गोव्याचा दाभोळी नौदलाचा, आणि आपल्या सांबऱ्यातही हवाईदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. लष्करी आकाश कधी मोकळं असतं, कधी बंद. शिवाय मोठ्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांना ठरलेल्या वाटेनेच रांगेत यावं लागतं. लांबच्या प्रवासात या वळणांचा फारसा फरक पडत नाही. आपल्यासारख्या छोट्या पल्ल्यावर मात्र प्रत्यक्ष कापलेलं अंतर दहा-पंधरा टक्क्यांनी वाढणं नेहमीचंच.

तरीही वेळेचा खरा घोळ अंतरामुळे होत नाही. अर्धा तास दाखवणाऱ्यांनी ४०४ ला ताशी ८०० ने भागलं आहे, आणि चूक तिथेच आहे. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरने जातं हे खरं, पण आपल्या मार्गावर ते त्या वेगाने किती वेळ जातं ते बघू.

समजा छोटं जेट आहे आणि ते २८ हजार फुटांवर जाणार आहे. चढायला साधारण ७५ सागरी मैल लागतात. उतरण्यासाठी आमच्याकडे तीनचा पाढा आहे: दर हजार फुटांना तीन मैल. अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी, वर वेग कमी करायला दहा मैल, म्हणजे ९५ च्या आसपास. २१८ मधून ७५ आणि ९५ वजा केले की ४८ मैल उरतात. म्हणजे पूर्ण उंचीवर, पूर्ण वेगात सरळ जाणं फक्त सहा-सात मिनिटांचं. बाकी सगळा वेळ चढणं किंवा उतरणं. दहा हजार फुटांखाली विमानाला २५० नॉटची (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगमर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास. आणि धावपट्टीला टेकताना वेग अडीचशेच्या जवळ आलेला असतो. पट्टा बांधा ही सूचना विझते, चहाची गाडी निघते आणि कप गोळा करायला परत फिरते, एवढ्यात विमान खाली यायला लागलेलं असतं.

पंख्याचं एटीआर विमान असेल तर ते तेवढं उंच जातच नाही. सोळा ते बावीस हजार फुटांवरून, ताशी पाचशेच्या आसपास वेगाने जातं. म्हणून छोट्या पल्ल्यावर जेट आणि एटीआर यांच्या वेळेत फक्त पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो. एटीआर दिसलं की लोक नाराज होतात, पण अशा पल्ल्यासाठीच ते बनवलं आहे, आणि त्याला इंधनही कमी लागतं.

तिकिटावर जो वेळ छापलेला असतो त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. विमान उभ्या जागेवरून हललं त्या क्षणापासून पलीकडे आपल्या जागी उभं राहून चाकाखाली चॉक, म्हणजे अडसर, लागेपर्यंतचा तो वेळ असतो. चाकं जमिनीवरून उचलण्याचा आणि टेकण्याचा वेळ वेगळा, आणि तो तिकिटावर कधीच नसतो. इंजिन सुरू करणं, धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर विमानाचं पार्किंगपर्यंत जाणं, हे सगळं ब्लॉक टाइममध्ये येतं. अंतर चारशे किलोमीटर असो की चौदाशे, एवढा वेळ जवळपास तेवढाच लागतो. म्हणून मी स्वतः ठोकताळा असा मांडतो: जेट असेल तर अंतराला आठशेने भागा, एटीआर असेल तर चारशे ऐंशीने, आणि येईल त्यात ३० ते ४० मिनिटं मिळवा. बंगळूर एटीआरने ५५ अधिक ३०, म्हणजे सुमारे एक तास पंचवीस मिनिटं. दिल्ली जेटने एक तास सत्तेचाळीस अधिक चाळीस, म्हणजे अडीच तासांच्या आत-बाहेर. मुंबई जेटने ३० अधिक ४०, म्हणजे एक तास दहा मिनिटं. तुमच्या तिकिटावरचा सव्वा तास त्याला धरूनच आहे.

वाऱ्याबद्दलही सांगतो, कारण जाताना आणि येताना वेळ वेगळा का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बंगळूरचंच उदाहरण घ्या, कारण ते आपल्यापासून आग्नेयेला आहे आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. एटीआर ज्या उंचीवरून जातं तिथे ३० नॉटचा पश्चिमेचा वारा आहे असं धरा. बेळगावहून बंगळूरला जाताना त्यातला सुमारे २२ नॉटचा भाग पाठीमागून ढकलतो, येताना तोच समोरून अडवतो. विमानाचा स्वतःचा वेग २७० नॉट धरला तर जाताना जमिनीवरचा वेग २९२, येताना २४८. २४० मैलांना एकीकडे ४९ मिनिटं, दुसरीकडे ५८. विमान तेच, अंतर तेच, फरक नऊ मिनिटांचा. मुंबईचा मार्ग उत्तरेकडे जास्त जातो, त्यामुळे तिथे पश्चिमेच्या वाऱ्याचा परिणाम यापेक्षा कमी होतो.

पावसाळ्यात सांबऱ्यात आणखी एक गोष्ट होते, ती बाहेरून दिसत नाही. आपली धावपट्टी ०८/२६ आहे. पूर्व-पश्चिम पसरलेली, २३०० मीटर लांब. एका टोकाने उतरलं तर विमानाचं तोंड ८० अंशांवर म्हणजे पूर्वेला, दुसऱ्या टोकाने २६० अंशांवर म्हणजे पश्चिमेला. विमान नेहमी वाऱ्याला सामोरं उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे मुंबईकडून, वायव्येकडून आलेल्या विमानाला विमानतळ ओलांडून पूर्वेला जावं लागतं, वळावं लागतं आणि मग पश्चिमेला तोंड करून उतरावं लागतं. पाच-सात मिनिटं त्यातच जातात. त्यात विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरपेक्षा उंचावर. गुरुजी, कणकुंबीकडचा पाऊस मी तुम्हाला सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये तेच ढग पूर्वेला सरकत येतात आणि धावपट्टीवर अगदी खाली बसतात. वैमानिकाला ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर तो उतरत नाही. पुन्हा वर जातो, घिरट्या घालतो, नाहीच जमलं तर दुसऱ्या विमानतळावर जातो. त्यासाठी लागणारं इंधन आम्ही आधीच भरून पाठवतो. मुक्कामापर्यंतचं, वर थोडं राखीव, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शिवाय अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. म्हणून विमान परत फिरलं तर घाबरण्यासारखं काही नसतं, पण वेळापत्रक मात्र कोलमडतं. सांबऱ्यात जे विमान तुम्हाला घेऊन जाणार ते आधी कुठून तरी तिथे यावं लागतं, हे तिकीट काढताना कोणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या धाकट्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. तिला जुलैमध्ये मस्कतला मुलाकडे जायचं होतं. तिकिटं मीच काढली, दोन वेगवेगळी, मध्ये अडीच तास ठेवून. कोरड्या दिवसाचा हिशेब मी पावसाळ्याला लावला. सकाळी सांबऱ्यावर ढग उतरले. येणारं विमान वर फिरत राहिलं आणि मावशीचं विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. मुंबईच्या वर पुन्हा रांग. घिरटी म्हणजे लांबट गोल असतो. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा वळण, म्हणजे एका फेरीला चार मिनिटं. पाच फेऱ्यांत वीस मिनिटं गेली. मग सामानाच्या पट्ट्यावर थांबणं. ती आंतरराष्ट्रीय काउंटरपाशी पोचली तेव्हा तो बंद झाला होता. मांडीवर कुंद्याचा डबा धरून ती बाकावर बसली होती, आणि फोनवर मला म्हणाली, "बाळा, विमान समोर उभं आहे म्हणतात, मग मला का सोडत नाहीत?" चोवीस वर्षं हे काम करूनही माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशीचं तिकीट नव्याने काढावं लागलं.

मुंबईत रांग का लागते, तेही सांगतो. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. एवढ्या मोठ्या शहराची वाहतूक एका वेळी एकाच धावपट्टीवर चालते. सकाळी आणि संध्याकाळी गर्दी वाढली की आकाशातच थांबावं लागतं. कंपन्या हे जाणतात, म्हणून वेळापत्रकात थोडी सवड आधीच घालतात. नोंदीच्या दृष्टीने पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर उशीर धरलाच जात नाही, हेही लक्षात ठेवा.

आता वेगवेगळी तिकिटं म्हणजे काय ते समजून घ्या, कारण पाच तासांचं कारण तेच आहे. बेळगाव ते दुबई एकाच तिकिटावर, एकाच आरक्षण क्रमांकावर असेल तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर पुढच्या विमानाची सोय करणं कंपनीचं काम असतं. सामानही बहुतेक वेळा थेट पुढे जातं. दोन स्वतंत्र तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी. मुंबईत उतरून सामान घ्यायचं, बाहेर यायचं, टर्मिनल बदलायचं असेल तर रस्त्याने जायचं, पुन्हा चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी. आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. यातला प्रत्येक टप्पा वेळेत पार पडला तरी तीन तास सहज लागतात. दोन-तीनशे रुपये वाचतात म्हणून तिकिटं तोडू नका. शक्य असेल तर एकच तिकीट काढा.

तिकिटावरचा विमानतळही बघा. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरपासून सुरू झाला आहे. बेळगावचं विमान एका ठिकाणी उतरतंय आणि दुबईचं दुसरीकडून सुटतंय असं असेल तर मधल्या रस्त्याला रहदारीत दीड-दोन तासही जातात. जुन्या विमानतळाचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. आपल्या सांबऱ्याचा आयएक्सजी. तिकीट हातात आलं की तीनच अक्षरं आधी वाचा.

आणि दुबईच्या विमानाचा वेळ वाचताना गोंधळू नका. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ असते. मुंबईहून रात्री दहाला सुटून पावणेबाराला पोचतं असं दिसलं तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे खरा वेळ सव्वातीन तासांचा. मुंबई–दुबई अंतर १९३० किलोमीटरच्या आसपास आहे, त्याला माझा ठोकताळा लावून बघा, जुळेल.

निपाणी, चिकोडीकडच्या लोकांसाठी दोन शब्द, कारण हाच प्रश्न तिकडूनही येतो. सांबऱ्यापासून सरळ रेषेत हुबळीचा विमानतळ ७५ किलोमीटर, गोव्याचा दुसरा विमानतळ मोपा ८२, कोल्हापूर ९६ आणि दाभोळी १०० किलोमीटरवर आहे. निपाणीच्या माणसाला कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ सांबऱ्यापेक्षा जवळ पडतो, तिथलं वेळापत्रक आधी बघावं. पण सरळ रेषेवर विसंबू नका. हुबळी आणि मोपा अंतराने जवळपास सारखेच, तरी हुबळीला महामार्गाने दोन तासांत पोचता, आणि मोपाला घाट उतरून जायला तीन तास धरावे लागतात, पावसात त्याहून जास्त.

गुरुजी, तुमच्या दिवसाचा हिशेब असा. दुबईचं विमान रात्री दहाचं धरतो. बेळगावचं विमान मुंबईत दुपारी चारच्या आत उतरेल असं घ्या, सकाळचं मिळालं तर त्याहून चांगलं. सांबऱ्यात दोन तास आधी पोचा. खानापूरहून शहर ओलांडून बागलकोट रस्त्याला लागेपर्यंतच गर्दी लागते, म्हणून घरून निघताना सव्वा ते दीड तास धरा. निघण्याआधी आठ-दहा दिवस रोज मोबाइलवर फ्लाइटरडार हे ॲप उघडून तुमच्या विमानाचा क्रमांक टाका आणि ते प्रत्यक्ष किती वाजता उतरतं ते वहीत लिहून ठेवा. छापलेल्या वेळेपेक्षा त्या दहा ओळींवर जास्त विश्वास ठेवा. त्यात दोन-तीनदा तासभर उशीर दिसला तर एक विमान आधीचं घ्या, किंवा आदल्या दिवशी मुंबईला जाऊन मुक्काम करा.

काकूंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलं आहे. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच, दोन्ही विमानांसाठी वेगवेगळी नोंदवा. एका विमानाला नोंदवली की दुसऱ्याला आपोआप मिळते असं नाही. मुंबईत ती ढकलणारा माणूस तुम्हाला इमिग्रेशनपर्यंत सोबत नेतो, पहिल्या प्रवासात त्याचा फार आधार होतो. डिंकाचे लाडू विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा. तूप आणि लोणचं मात्र हातातल्या सामानातून जाऊ देत नाहीत. ते मोठ्या बॅगेत, नीट बांधून.